सर्च चालू असताना मध्येच रिझल्ट बदलणारं एक्स्टेन्शन, कसं चालतं आणि ठेवावं का?

बागायती_सांगोला

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते म्हणजे उत्तर देणाऱ्यांना परत विचारायला नको. आमचं सांगोला तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे, काउंटर मी बघते. भाग डाळिंबाचा, त्यामुळे दिवसभर कोणी ना कोणी मोबाइलमध्ये पानाचा नाहीतर फळाचा फोटो घेऊन येतं, वहिनी हे काय पडलंय बघा म्हणून. औषध काढून देण्याआधी मी कॉम्प्युटरवर शोधून खात्री करते, कारण डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूमुळे येतो, त्यावर नुसतं बुरशीनाशक मारून काही होत नाही, पैसे पण जातात आणि बाग पण जाते. आता अडचण अशी की त्याच कॉम्प्युटरवर मी औषधांचे होलसेल भाव पण बघते, डिस्ट्रिब्युटरच्या साइट उघडते, त्यामुळे असेल किंवा कशामुळे असेल, "डाळिंब तेल्या" टाकलं की वरती सगळी विक्रीचीच पानं, किंमत, ऑफर, घरपोच. राहुरी विद्यापीठाचं नाहीतर सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचं काही हवं असेल तर खाली खाली जात बसायचं, आणि समोर माणूस उभा असतो.

मागच्या महिन्यात भाचा आला होता त्याने ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकून दिलं. तेव्हापासून गंमत अशी होते की मी एक विद्यापीठाची पीडीएफ उघडली, वाचली, मागे आले, तर यादी बदललेली! खालची दोन-तीन पानं, त्यात एक सरकारी आणि एक कुठल्यातरी प्रयोगशील शेतकऱ्याच्या अनुभवाचं, वर आलेली, आणि विक्रीची खाली गेलेली. त्याच्या पुढची गोष्ट म्हणजे मी लगेच नुसतं "मर रोग" टाकलं तर पहिलंच डाळिंबाच्या मर रोगाचं आलं, त्यात सूत्रकृमी, खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा सगळं. मालकांच्या मोबाइलवर तेच टाकून बघितलं तर वर सगळी हरभऱ्याची मर, खाली तुरीची, डाळिंब कुठेच नाही. मी डाळिंब हा शब्द टाइपच केला नव्हता!

उपयोग होतोय हे खरं, पण एवढ्या पटकन ह्याला कळतं कसं? मी कोण, कुठली, काय विकते हे त्याला माहिती आहे का? आणि ज्याच्यावर कोणाची तरी बाग अवलंबून आहे अशा शोधासाठी हे असं बदलणारं काही वापरावं का? भाचा म्हणतो मामी टेन्शन घेऊ नको, पण मला समजून घ्यायचंय.

रांगेतला_पुणेकर

ताई, फार मुद्द्याचा प्रश्न आणि निरीक्षण तर एकदम चोख. मी एका कंपनीत सर्चवरच काम करतो (वस्तूंच्या सर्चवर, वेबच्या नाही, पण आतलं यंत्र बऱ्यापैकी तेच), तर जमेल तसं सांगतो.

पहिलं म्हणजे तुम्हाला दिसतात १० रिझल्ट, पण सर्च इंजिनाने तेवढेच काढलेले नसतात, मागे शेकड्याने उमेदवार उभे असतात आणि त्यातले १० वर बसवलेले असतात. रिअल टाइम म्हणतात ते सॉफ्टवेअर नवीन काही शोधत नाही, ह्या मागच्या गर्दीलाच परत रांगेत लावतं. तुम्ही पीडीएफ उघडलीत तेव्हा त्याने त्या रिझल्टचं शीर्षक आणि खालच्या दोन ओळी घेतल्या, त्यातले शब्द मोजले, जिवाणू, छाटणी, बहार, विद्यापीठ, शिफारस वगैरे, आणि ह्या शब्दांचं वजन वाढवलं. वरची तीन विक्रीची पानं तुम्ही बघून सोडून दिलीत, त्यातल्या किंमत, ऑफर, खरेदी ह्या शब्दांचं वजन कमी केलं. मग उरलेल्या सगळ्यांचा हिशोब नव्या वजनांनी परत केला. शंभर-दोनशे छोट्या मजकुरांचा हा हिशोब म्हणजे कॉम्प्युटरला काहीच नाही, तुम्ही बॅक दाबून यादी डोळ्यांसमोर यायच्या आत होतो.

आणि ही कल्पना आजची नाही बरं का. अमेरिकेत जेरार्ड सॉल्टन म्हणून प्राध्यापक होते, त्यांची स्मार्ट नावाची शोधयंत्रणा होती, त्या कामात रॉकियो नावाच्या संशोधकाने हे सूत्र मांडलं आणि १९७१ मध्ये ते पुस्तकात छापून आलं, वेब तेव्हा स्वप्नात पण नव्हतं. सूत्र अगदी साधं, जुना प्रश्न घ्या, आवडलेल्या कागदपत्रांची सरासरी त्यात मिळवा, नावडलेल्यांची थोडी वजा करा, झाला नवा प्रश्न. फक्त त्या वेळी माणसाने स्वतः सांगायचं असायचं की हे उपयोगी, हे निरुपयोगी, आणि तेवढे कष्ट कोण घेणार. वेब आल्यावर लोकांच्या लक्षात आलं की माणूस ते सांगतोच आहे, क्लिक करून.

पण क्लिकवर आंधळा विश्वास ठेवून चालत नाही, इथे खरी कारागिरी आहे. पहिल्या नंबरचा रिझल्ट लोक तो पहिला आहे म्हणूनच उघडतात, चांगला असो नसो. म्हणून कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉर्स्टन योआकिम्सने २००२ मध्ये असं मांडलं की क्लिक झाली म्हणजे पान चांगलं असं धरू नका, एवढंच धरा की तुम्ही वरचे दोन सोडून तिसरा उघडला असेल तर तिसरा त्या दोघांपेक्षा बरा. तुम्ही विक्रीची पानं ओलांडून खालची पीडीएफ उघडलीत ना, तो म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सगळ्यात जोरदार इशारा होता. दुसरं बघतात ते किती वेळ थांबलात. रशियातल्या यांडेक्सने २०१३ मध्ये आपल्या सर्चचा डेटा देऊन एक जाहीर स्पर्धा घेतली होती, दिलेल्या १० लिंक त्या त्या माणसासाठी परत रांगेत लावून दाखवा म्हणून. त्यात उघडून लगेच परत आलात तर शून्य, बऱ्यापैकी थांबलात तर एक, आणि भरपूर थांबलात किंवा ती त्या बैठकीतली शेवटची क्लिक असेल तर दोन, असे गुण होते. शेवटच्या क्लिकला पूर्ण गुण का, तर त्यानंतर तुम्ही शोधणंच थांबवलं म्हणजे बहुतेक मिळालं.

मर रोगाचं कोडं पण ह्यातच सुटतं. एका बैठकीत पाठोपाठ टाकलेले प्रश्न बहुतेक वेळा एकाच कामाचे असतात, म्हणून आधीच्या प्रश्नाचे वजनदार शब्द पुढच्या प्रश्नाला थोडे चिकटवले जातात. डाळिंब तुम्ही टाइप केलं नाहीत, पण पाचच मिनिटांपूर्वी केलं होतंत. मालकांच्या मोबाइलला हे काहीच माहिती नव्हतं, आणि मर म्हटल्यावर महाराष्ट्रात हरभराच आधी येणार, तिथे त्या सर्चचं पण चुकलं नाही. त्याच यांडेक्सने २०१३ मध्येच डब्लिन नावाची आवृत्ती आणली होती, ती असंच काही सेकंदांत ताज्या शोधावरून पुढचे रिझल्ट बदलायची. आणि ब्राउझरमध्ये बसून हे करणारं सर्फ कॅन्यन नावाचं ॲड-ऑन अमेरिकेत त्याच्याही आधी, २००८ च्या सुमाराला आलेलं होतं, गूगल-याहूच्या पानांवरच चालायचं, रिझल्टशेजारी एक गोल निशाण यायचं आणि मागच्या पानांवरचे मिळतेजुळते रिझल्ट तिथेच आत घेतलेले दिसायचे. तुमचं जे काही आहे ते ह्याच घराण्यातलं.

बागायती_सांगोला

दादा फारच छान समजावलंत, मी दोनदा वाचलं. म्हणजे त्याला मी कोण हे माहिती असायची गरजच नाही का? फक्त आत्ता काय चाललंय तेवढं पुरतं?

रांगेतला_पुणेकर

बरोब्बर, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, लोक ह्या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरतात म्हणून जरा जोर देऊन लिहितो. एक असतं बैठकीपुरतं, आत्ताच्या दहा-पंधरा मिनिटांतलं. दुसरं असतं इतिहासावरचं, तुमच्या महिनोन्महिन्यांच्या शोधावरून तुमचं चित्र तयार करणं. तुमच्या बाबतीत दुसरं पूर्ण उलटं पडेल, कारण इतिहास म्हणणार ह्या बाई औषधांचे भाव बघतात, ह्यांना भाव दाखवा, आणि समोरच्या माणसाला हवंय निदान! मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ह्यावर नीट काम केलंय, त्यात दिसलं की बैठकीच्या सुरुवातीला, जेव्हा हातात दुसरं काहीच नसतं, तेव्हा जुना इतिहास कामी येतो, पण जसजसे प्रश्न आणि क्लिक वाढत जातात तसतसं ताजं वागणंच जास्त उपयोगी ठरतं. म्हणजे दोन-तीन प्रश्न झाले की तुमची ओळख लागतच नाही फारशी. मग ती कशाला द्यायची?

नागपुरी_सावजी

वरच्या दादांचं यंत्राबद्दलचं सगळं मान्य, पण ताई "गरज नाही" आणि "घेत नाही" ह्यात फार अंतर आहे, म्हणून मी थोडा थांबा म्हणणार. एक्स्टेन्शनला हे काम करायचं तर पान वाचायची आणि बदलायची परवानगी लागते. ती फक्त सर्चच्या पानापुरती मागता येते, पण बरीच एक्स्टेन्शन सरळ सगळ्या साइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे अशी मागतात, आणि आपण घाईत होकार देतो. तुमच्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं, जीएसटी भरला जातो, शेतकऱ्यांची उधारी असेल. हे सगळं त्या परवानगीच्या आत येतं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन साइट ॲक्सेस म्हणून जे आहे तिथे "सर्व साइट" काढून फक्त सर्चच्या साइटचा पत्ता टाका, आजच करा. दुसरं म्हणजे छोटी एक्स्टेन्शन विकली जातात, मालक बदलतो आणि अपडेट आपोआप येतं, नाव-चिन्ह तेच राहतं, त्यामुळे आज चांगलं आहे म्हणून कायम चांगलं असं नाही.

आणि नाव काढलं की झालं, नुसता नंबर ठेवला की काही धोका नाही, असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एओएल ह्या इंटरनेट कंपनीने अभ्यासकांसाठी म्हणून साधारण साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे शोध उघड केले होते, सुमारे २ कोटी, माणसांच्या जागी नुसते आकडे. पत्रकारांनी काही दिवसांतच एका नंबरमागची आजी शोधून काढली, तिच्या गावाबद्दलच्या, आडनावाच्या लोकांबद्दलच्या आणि तब्येतीच्या शोधांवरूनच. कंपनीने डेटा मागे घेतला पण तोवर तो सगळीकडे पसरला होता. शोधात माणूस डॉक्टरला सांगत नाही ते लिहितो हो. सांगोल्यासारख्या तालुक्यात एखादं पीक, एखादा रोग, एखादी बँक एवढ्यावर दुकान ओळखता येईल.

लॉगिन केलं नाही तरी सुटका नसते हे पण माहिती असू द्या, गूगलने डिसेंबर २००९ मध्ये लॉगिन नसलेल्यांसाठी सुद्धा वैयक्तिक रिझल्ट सुरू केले होते, ब्राउझरमधल्या कुकीवरून (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी ओळखचिठ्ठी) १८० दिवसांपर्यंतच्या शोधांच्या आधारे. दुकानाचा कॉम्प्युटर, त्यावर तुम्ही, मालक, भाचा, कामाचा पोरगा, सगळ्यांची मिळून एक कुकी!

कप्पा_क्रमांक

मी कोल्हापूरकडे एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, मला वेगळी काळजी वाटते. प्रायव्हसीचं वर आलंच आहे, पण समजा डेटा कुठेही गेला नाही, सगळं कॉम्प्युटरमध्येच राहिलं, तरी प्रश्न उरतोच. आमच्याकडे दोन विद्यार्थी एकच विषय घेऊन आले तर दोघांना एकच कपाट दिसतं, मग कोण कुठलं पुस्तक उचलतो हा त्याचा त्याचा प्रश्न. सर्चमध्ये कपाटच वेगवेगळं, आणि वेगळं आहे हे दोघांनाही माहिती नाही. एली पॅरिसर ह्या अमेरिकन लेखकाने २०११ मध्ये ह्यालाच फिल्टर बबल म्हटलं, त्याचं उदाहरण असं होतं की २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली त्या वेळी त्याच्या दोन मैत्रिणींनी बीपी (त्या गळतीशी संबंधित तेल कंपनीचं नाव) एवढंच शोधलं, एकीला गुंतवणुकीची माहिती आली आणि दुसरीला गळतीच्या बातम्या.

आता हे उदाहरण ऐकून लोक फार घाबरतात आणि ते पण बरोबर नाही असं माझं मत. बोस्टनच्या नॉर्थइस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी २०१३ मध्ये हे मोजून बघितलं, २०० खऱ्या लोकांच्या खात्यांवरून गूगलवर तेच ते प्रश्न विचारून, तर वैयक्तिकरणामुळे वेगळे आलेले रिझल्ट सरासरी ११.७ टक्के निघाले, आणि फरक पाडणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन, लॉगिन आहे का आणि तुम्ही कुठे आहात. गूगलच्या लोकांनी २०१८ मध्ये असंच सांगितलं की आम्ही फार कमी वैयक्तिक करतो, ठिकाण आणि लगेच आधीचा शोध एवढंच प्रामुख्याने. म्हणजे ताईंना जे मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर वेगळं दिसलं त्यातला बराच भाग त्या एक्स्टेन्शनचाच असणार.

पण ११ टक्के कमी म्हणून सोडून द्यायचे का? बहुतेक शोधांना काही फरक पडत नाही, रेल्वेचं वेळापत्रक सगळ्यांना सारखंच हवं. वादाच्या प्रश्नात मात्र तेवढ्यात चित्र बदलू शकतं. एखाद्या औषधाने फायदा होतो की नुकसान, असं शोधताना मी फायद्याचं एक पान उघडलं आणि यंत्राने म्हटलं हिला फायदा आवडतो, तर नुकसानीचं पान माझ्या डोळ्यांसमोर येणारच नाही. रॉकियोच्या सूत्रात नावडतं वजा होतं असं वर आलंय ना, तर मी न उघडलेलं पान मला नावडतं होतं असं धरणं हेच मला पटत नाही. कदाचित मी ते नंतर उघडणार होते. निदानाच्या कामात तर ताई, पहिल्या पानाने तुमच्या मनात तेल्या भरवला की पुढची सगळी यादी तेल्याचीच होणार, आणि फळावरचे डाग दुसऱ्या कशाने पण पडतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

रांगेतला_पुणेकर

@कप्पा_क्रमांक मॅडम, हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि आमच्या क्षेत्रात ह्याच्यावर सतत काम चालू असतं, वजाबाकीचं वजन मिळवणीपेक्षा बरंच कमी ठेवतात, किंवा वरच्या दहात मुद्दाम दोन-तीन जागा वेगळ्या प्रकारच्या पानांना राखून ठेवतात. पण खरं सांगायचं तर आतून कितीही केलं तरी वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे की यादी बदलली आहे, आणि मूळ यादी एका बटणावर परत मिळाली पाहिजे. ते बटण नसेल तर मी स्वतः तसलं सॉफ्टवेअर वापरणार नाही आणि ताईंना पण वापरा म्हणणार नाही. ताई, तुमच्यात आहे का असं काही?

बागायती_सांगोला

आत्ताच बघितलं. वर कोपऱ्यात एक उलटा बाण आहे, तो दाबला की पहिल्यासारखी यादी येते. मी तो आजवर कशाला आहे म्हणून दाबलाच नव्हता. आणि वर आलेल्या रिझल्टच्या बाजूला बारीक हिरवी रेघ असते, ती म्हणजे हलवलेला, असं दिसतंय.

मॅडम तुम्ही डागांचं लिहिलंत ते अगदी खरं, तेल्या आणि बुरशीचे डाग ह्यात लोकांची नेहमी गल्लत होते. तेल्याच्या डागावर फळाला तडे जातात, उन्हात धरलं की तेलकट चमक दिसते, पण फोटोत ते नीट येत नाही. म्हणून तर मला दोन्हीची चित्रं शेजारी शेजारी हवी असतात.

अक्षरजुळणी

मराठी टायपिंग आणि शोध ह्यातच डोकं घालून बसलेला माणूस आहे म्हणून एक बाजू मांडतो जी वर कोणी मांडली नाही. ही सगळी शब्द मोजणारी सॉफ्टवेअर इंग्रजी समोर ठेवून बनलेली असतात. इंग्रजीत शब्दाची रूपं बदलून बदलून किती बदलणार. आपल्याकडे डाळिंब, डाळिंबाचा, डाळिंबावर, डाळिंबावरील, डाळिंबाला, डाळिंबांमध्ये, आणि ज्या सॉफ्टवेअरला प्रत्यय काढून मूळ शब्द ओळखता येत नाही त्याच्यासाठी हे सगळे सहा वेगळे शब्द. तुम्ही "डाळिंबावरील तेल्या" असं पान उघडलंत तर वजन वाढणार डाळिंबावरील ह्याचं, डाळिंबाचं नाही, आणि "डाळिंबाच्या बागेचे व्यवस्थापन" हे चांगलं पान जागचं हलणार नाही. नुसता शेवट कापून टाकला तरी भागत नाही, कारण सामान्यरूपात मधलं पण बदलतं, हरभरा चं हरभऱ्या होतं, पाणी चं पाण्या, गहू चं गव्हा.

ह्याच्या वरताण गोष्ट म्हणजे हरभऱ्या, शेतकऱ्या ह्यातला तो आडवा अर्धा र. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सगळीकडच्या समान पद्धतीत, तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन आणि दुसरं साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही एकसारखे, कॉम्प्युटरला दोन निराळे शब्द. जुन्या साइटवर एक, नव्या कीबोर्डवर दुसरा. मोठी सर्च इंजिनं हे आत जुळवून घेतात बऱ्यापैकी, पण ब्राउझरमध्ये बसलेलं छोटं एक्स्टेन्शन घेईलच असं नाही. त्यात कोणी रोमनमध्ये टाइप करतं, कोणी जुन्या पद्धतीने अनुस्वार देतं, आणि विद्यापीठांच्या जुन्या पीडीएफ तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या असतात, त्यातला मजकूर कॉपी करून बघा, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. असली पीडीएफ सर्चला वाचताच येत नाही, तर वर कुठून आणणार! मला ह्याचा खरंच त्रास होतो, कारण आपल्याकडे चाळीस-पन्नास वर्षांचं चांगलं शेतीज्ञान मराठीत लिहिलेलं आहे, आणि ते सापडत नाही त्याला शेतकऱ्याच्या आवडीनिवडीचं काही कारण नाही, ते मुळात यादीतच नाही. रांग कितीही हुशारीने लावा, जो रांगेत उभाच नाही तो पुढे येणार नाही.

म्हणून ताई एक करून बघा, पहिला प्रश्न प्रत्यय न लावता टाका, डाळिंब तेल्या जिवाणू, असे सुटे मूळ शब्द. आणि एकदा "शेतकऱ्यांसाठी" न लिहिता "शेतकरी" लिहून बघा. एक्स्टेन्शनला पण ह्याने सोपं जाईल.

कप्पा_क्रमांक

फॉन्टचं अगदी खरं. आमच्याकडचे जुने अंक स्कॅन होऊन पडलेत, पण शोधता येत नाहीत, कारण ती नुसती चित्रं आहेत. त्यावरची अक्षरं ओळखून युनिकोडमध्ये घातली तर सगळ्यांचाच फायदा होईल, वैयक्तिक असो वा नसो.

नागपुरी_सावजी

तोवर ताईंच्या हातात काय काय आहे ते सांगतो. एक तर दुकानाच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल करा, एक भाव-खरेदी-बँकेचं, त्यात एकही एक्स्टेन्शन नको, आणि दुसरं फक्त रोग-किडीच्या शोधासाठी, ज्यात हे एक्स्टेन्शन राहू दे. दोघांच्या कुकी वेगळ्या राहतात, म्हणजे दुकानदारीची सावली निदानावर पडणार नाही. गूगल खात्यात वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी म्हणून तुमचे शोध साठवणारी सेटिंग आहे ती दुसऱ्या प्रोफाइलमध्ये बंद ठेवा. खात्री करायची असेल तेव्हा तोच प्रश्न डकडकगोवर टाकून बघा, २००८ पासूनचं सर्च इंजिन आहे आणि इतिहास न ठेवणं हाच त्यांचा दावा आहे, मराठी रिझल्ट तिथे थोडे कमी मिळतात, पण तुलनेला चांगलं.

आणि मला वैयक्तिकरणाची सगळ्यात आवडलेली तऱ्हा म्हणजे जिथे यंत्र अंदाज करत नाही, तुम्ही स्वतः सांगता. कागी म्हणून पैसे घेऊन चालणारं सर्च आहे, त्यात एखादी साइट वर आण, खाली ढकल, पूर्ण बंद कर किंवा कायम वर ठेव असं प्रत्येक साइटपुरतं ठरवता येतं. दुकानासाठी पैसे भरा असं मी म्हणत नाही, पण नको त्या साइट रिझल्टमधून काढून टाकणारी फुकटची एक्स्टेन्शन पण आहेत, एकदा चार विक्रीच्या साइट टाकल्या की झालं. ते कायम तसंच राहतं, दर वेळी क्लिक करून शिकवावं लागत नाही, आणि काय काढलंय ती यादी तुमच्या डोळ्यांसमोर असते.

रांगेतला_पुणेकर

सहमत, फक्त एवढंच जोडतो की दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. साइट काढून टाकणं म्हणजे कायमचा नियम, तो दुकानांच्या साइटसाठी चांगला. पण "मर रोग" म्हणजे आत्ता डाळिंब की हरभरा, हे कुठल्याच कायमच्या नियमात बसत नाही, सकाळी डाळिंबवाला येईल आणि दुपारी हरभरेवाला. तिथे बैठकीपुरतंच लागतं. आणि म्हणूनच गिऱ्हाईक बदललं की तो उलटा बाण दाबा किंवा नवीन टॅब उघडा, नाहीतर मागच्याचं डाळिंब पुढच्याच्या हरभऱ्याला चिकटेल. किती वेळाने बैठक संपली असं धरायचं हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं, बहुतेक ठिकाणी अर्धा तास काही हालचाल नसली तर संपली असं धरतात, आणि अर्ध्या तासात तुमच्याकडे चार लोक येऊन जात असतील.

बागायती_सांगोला

हो ना, बाजाराच्या दिवशी तर त्याहून जास्त. सगळ्यांचे मनापासून आभार. साइट ॲक्सेस आत्ताच बदलला, खरंच सगळ्या साइटवर होता. दोन प्रोफाइल रात्री भाच्याला फोन करून करते. अक्षरजुळणी दादा, सुटे शब्द टाकून बघितले, डाळिंब तेल्या जिवाणू टाकल्यावर एक्स्टेन्शन बंद ठेवून सुद्धा माहितीची पानं वर आली, हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

एक शेवटचं विचारते, मालक बागेत असतात तेव्हा मोबाइलवरच बघतात. अँड्रॉइडवर हे असं काही चालतं का?

नागपुरी_सावजी

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये चालतात, २०२३ च्या डिसेंबरपासून मोबाइलवर पण पुष्कळ एक्स्टेन्शन खुली झाली आहेत. तुमचं त्यात आहे का ते ॲड-ऑनच्या पानावर नाव टाकून बघा, आणि घेतलंत तर परवानग्या वाचूनच घ्या, मोबाइलवर ओटीपी पण येतात. बागेत रेंज कमी असेल तर मात्र मालकांना सांगा की नुसतं मर न टाकता डाळिंब मर असं पूर्ण टाका, तेवढ्याने काम होईल.